घरात माणसं किती?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी सौ.च्या गुडघ्याचं दुखणं निघालं, परभणीच्या डॉक्टरांकडे चार खेपा झाल्या, त्यात लिहिणं मागे पडलं. आता बरं आहे. म्हणजे नागनाथाच्या देवळापर्यंत सावकाश जाऊन येता येईल इतकं बरं आहे.

या दुखण्याच्या निमित्तानं घरात जुनाच विषय पुन्हा निघाला. पुण्याहून मुलाचा फोन आला, "अप्पा, आता तुम्ही दोघं इकडंच या. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, दवाखाना दहा मिनिटांवर आहे. एवढ्या मोठ्या वाड्यात दोघंच काय करता?" मी नेहमीप्रमाणे "बघू" म्हटलं. "बघू" या शब्दाचा अर्थ माझ्या मुलाला आता चांगलाच पाठ झाला आहे. तो हसला आणि म्हणाला, "गेली सात वर्षं बघतोच आहात."

त्याच सुमारास पेपरात जनगणनेची बातमी वाचली. २०२१ ची जनगणना कोविडमुळे राहिली होती. १८८१ पासून दर दहा वर्षांनी नेमानं होत आलेलं काम पहिल्यांदाच चुकलं. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून मोजणी व्हायची आहे. बातमी वाचून मला आमच्या ओसरीवरच्या भिंतीकडे बघावंसं वाटलं. त्या भिंतीवर एके काळी गेरूनं लिहिलेला घरक्रमांक होता. लिहिणारा मीच होतो.

मास्तर म्हटलं की जनगणना आलीच. १९८१ ला आणि १९९१ ला मी प्रगणक होतो, २००१ ला पर्यवेक्षक. एकीकडे वर्ग सांभाळायचे, दुसरीकडे पाठीवर कागदांचं ओझं घेऊन गल्लीबोळ फिरायचे. ९ फेब्रुवारी ते २८ फेब्रुवारी असे ते दिवस असत. हळद शिजवायचे दिवस, त्यामुळे निम्मी घरं शेतावर. एकेका घरी तीन तीन खेपा कराव्या लागत. २८ तारखेच्या रात्री बेघर लोकांची नोंद असे. औंढ्यात त्या रात्री देवळाच्या आसपास झोपलेले बैरागी, भिकारी, वाटसरू उठवून आम्ही विचारत होतो, "नाव काय? वय काय?" एका म्हाताऱ्या बैराग्यानं मला उलट विचारलं होतं, "मोजून काय करणार?" मी म्हणालो, "सरकारला कळायला पाहिजे ना बाबा, माणसं किती आहेत ते." तो म्हणाला, "कळल्यावर काय करणार?" त्याचं उत्तर तेव्हा मला सुचलं नव्हतं.

पण १९९१ सालची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आमच्याच गल्लीच्या टोकाला एक म्हातारी राहायची. नाव सांगत नाही. धाब्याचं दोन खणांचं घर, दारात एक शेळी. मी विचारलं, "आजी, घरात माणसं किती?" म्हणाली, "पाच." मी आत पाहिलं, ती एकटीच. "बाकीचे कुठं आहेत?" तर दोन मुलं पुण्याला, एक सून त्यांच्यासोबत, एक नातू. दिवाळीला आले तर आले. मी नियम समजावला. मोजणीच्या सगळ्या काळात जो घराबाहेर आहे त्याची नोंद इथं होत नाही, तो जिथं राहतो तिथं होईल. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मास्तर, तिथं त्यांना कोण ओळखतंय? इथं लिहून घ्या. घरचेच आहेत की."

मी लिहिलं नाही. नियम होता. कागदावर "१" लिहिला आणि तिचा अंगठा घेतला. ती काही बोलली नाही, शेळीला पाला घालायला उठली.

असो. तर बातमी वाचल्यावर मी नातीनं दिलेल्या टॅबवर जुन्या जनगणनांचे आकडे बघत बसलो. निवृत्त मास्तरांना दुसरं काम काय? आकडे बघता बघता एका जागी मात्र थबकलो. तो आकडा मुंबईचा होता.

मुंबई म्हटलं की गर्दी, हे आपण धरूनच चालतो. पण मूळ मुंबई, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा, सरकारी भाषेत मुंबई शहर जिल्हा, तिथली माणसं कमी झाली आहेत. २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती, २०११ साली ३० लाख ८५ हजार. दहा वर्षांत अडीच लाख माणसं गेली. त्याहून मागे गेलात तर आणखी नवल वाटेल. १९७१ साली ती ३० लाख ७० हजार होती. म्हणजे चाळीस वर्षांत मधे थोडं चढून शहर पुन्हा जिथल्या तिथं. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

त्या अडीच लाखांत नाही, पण त्याच्या आधीच्या गळतीत पाच माणसं आमची आहेत. आमची अक्का, दाजी आणि त्यांची तीन लेकरं.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दाजी मूळचे कळमनुरीकडचे. त्यांच्या मामानं त्यांना मुंबईला नेऊन गिरणीत चिकटवलं होतं. आधी बदली कामगार, मग साचा खात्यात कायम. लालबागला चाळीत दहा बाय बाराची खोली. १९७३ च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. बी.ए.ची परीक्षा झाली होती आणि इकडे दुष्काळानं विहिरी आटल्या होत्या. वडील म्हणाले, "जा दोन महिने अक्काकडे, इथं एक तोंड कमी." परभणीहून मीटरगेजची गाडी, मनमाडला बदलून दादर. पहिल्याच पहाटे भोंगा झाला आणि मी दचकून उठून बसलो. अक्का म्हणाली, "झोप रे, तुझी पाळी नाही."

त्या खोलीत आम्ही रात्री सात जण झोपत होतो. दाजींचे दोन गाववाले पाळीनं येत. एक उठला की दुसरा त्याच अंथरुणावर. बाहेर गॅलरीत आणखी चार. पलीकडे खानावळ, तिथं तीनही पाळ्यांचे डबे. मी वाड्यातला माणूस, माळवदावर एकटा झोपायची सवय. पण दोन महिन्यांत मला त्या दाटीची सवय झाली, एवढंच नाही, परत आल्यावर वाड्यातली शांतता खायला उठली.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांचं नाव तेव्हा घराघरांत होतं. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. चार-सहा महिन्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते. तो संप रीतसर मागे घेतल्याचं अजूनही कोणी जाहीर केलेलं नाही. अक्का त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर लेकरांना घेऊन औंढ्याला आली आणि आठ महिने राहिली. मोठ्या भाच्याला मी माझ्याच शाळेत बसवला. तो मुंबईचं मराठी बोलायचा, पोरं हसायची. दाजी मात्र तिकडंच राहिले, भाजी विकली, मग एका इमारतीत वॉचमन झाले. अक्का परत गेली, पण गिरणी काही पुन्हा त्यांची झाली नाही. १९९४ ला त्यांनी पागडीची खोली सोडून दिली आणि त्या पैशांत बदलापूरला एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. शहराच्या आकड्यातून पाच वजा, ठाणे जिल्ह्याच्या आकड्यात पाच मिळवा.

आता मला पडलेला प्रश्न सांगतो. माणसं कमी होत असताना शहराचे नियोजन करणारे काय करत होते? थोडं वाचल्यावर लक्षात आलं की मुंबईची गर्दी कमी व्हावी हेच मुळी त्यांना हवं होतं. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवावं अशी कल्पना मांडली. १९७० ला सिडको स्थापन झाली. नव्या मुंबईत वीस लाख माणसं राहतील, कचेऱ्या तिकडे जातील, जुन्या बेटावरचा भार हलका होईल असा हिशोब होता. नवी मुंबई वसली, चांगली वसली. पण मंत्रालय जिथं होतं तिथंच राहिलं.

दुसरीकडे जुन्या इमारती. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना आधार झाला, आमच्या अक्काची खोलीही त्यामुळंच परवडत होती. पण मालकानं दुरुस्ती करणं सोडून दिलं. इमारती पडायला लागल्या तेव्हा १९६९ ला सरकारनं उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढलं. अशा उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांहून जास्त होत्या. दुरुस्ती पुरी पडेना, तेव्हा १९९१ च्या नियमावलीत बिल्डरला जास्तीचा चटईक्षेत्र निर्देशांक देऊन पुनर्विकासाची वाट काढली. त्याच नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा नियम आला. सहाशे एकरांच्या आसपास ही जमीन. एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. कागदावर किती सुंदर वाटणी! वाढदिवसाच्या केकसारखी. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची ठरली. ज्या जमिनीवर शेड होत्या, ती पाडून मोकळी झाली तरी वाटणीत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ च्या मार्चमध्ये तो बदल कायम राहिला. पुढं काय झालं ते लोअर परळला उतरून वर मान केली की दिसतं.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ ला निघाली. घरांसाठी अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. दाजी २००९ लाच गेले. भाच्यानं वारस म्हणून अर्ज भरला आहे, अजून नंबर लागलेला नाही. मध्यंतरी वांगणी-शेलूला घरं द्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा कामगारांनी मुंबईतच घर हवं म्हणून आंदोलन केलं. भाचा म्हणाला, "मामा, वांगणीला घर घ्यायचं तर बदलापूर काय वाईट आहे? वांगणी तर त्याच्याही पुढं." तो स्वतः रोज बदलापूरहून लोकलनं लोअर परळला जातो, एका ऑफिसात हिशेबनीस आहे. ते ऑफिस एका जुन्या गिरणीच्या आवारात उभं आहे. जायला-यायला साडेतीन तास.

म्हणजे दिवसा तो मुंबईत आणि रात्री बदलापुरात. जनगणना त्याला बदलापूरचा धरते. शहराची लोकसंख्या घटली म्हणतात ती अशी. माणसांचे घाम तिथंच, अंथरुणं मात्र लांब. आणि गंमत बघा, २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या आसपास घरं रिकामी सापडली. देशातल्या शहरांत सगळ्यात जास्त. चाळीतल्या खोलीत सात जण झोपायचे, त्याच जमिनीवरच्या मनोऱ्यात एका घरात दोघं राहतात, आणि शेजारचं घर कोणी गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवतं.

नियोजनाचं हे शास्त्र माझ्या आवाक्यातलं नाही, पण आकसणं म्हणजे काय हे मास्तर म्हणून मी चांगलं अनुभवलेलं आहे. आमच्याकडे त्याला संचमान्यता म्हणतात. ३० सप्टेंबरची पटसंख्या धरायची, भागाकार करायचा, इतकी मुलं तर इतके मास्तर. उरलेला अतिरिक्त. १९९० च्या दशकात एका वर्षी मी स्वतः अतिरिक्त ठरलो. आमच्या शाळेची पाचवीची एक तुकडी तुटली. पोरं काही मेली नव्हती, काही जण नांदेडला, परभणीला शिकायला गेली, काही जण आईबापांसोबत पुण्याला. पण कागदावर मी अतिरिक्त. एकोणीस वर्षं शिकवल्यावर एका टाईप केलेल्या कागदानं सांगितलं की तुमची गरज नाही. वीस किलोमीटरवरच्या शाळेत तीन वर्षं एस.टी.नं ये-जा केली. राग कुणावर काढणार? भागाकार बरोबरच होता.

पण त्याच काळात एक चांगली गोष्टही पाहिली. तुटलेल्या तुकडीची खोली रिकामी पडली होती. आमच्या हेडमास्तरांनी ती गोदाम होऊ दिली नाही. तिथं सतरंज्या टाकल्या, कपाटातली कुलूपबंद पुस्तकं बाहेर काढली आणि संध्याकाळी दोन तास ती खोली उघडी ठेवली. ज्यांच्या घरी कंदिलाशिवाय काही नव्हतं अशी पोरं तिथं अभ्यासाला बसत. मी तीन वर्षांनी परत आलो तेव्हा त्या खोलीत बसायला जागा मिळत नव्हती. पट कमी झाला होता, शाळा मात्र थोडी मोठी झाल्यासारखी वाटत होती.

जगातही असेच दोन प्रकार आहेत असं वाचताना कळलं. जपानात होक्काइडो बेटावर युबारी नावाचं गाव आहे. कोळशाच्या खाणी. १९६० च्या सुमारास तिथं लाखाच्या वर वस्ती होती. खाणी बंद होत गेल्या, शेवटची १९९० ला. माणसं चालली आहेत हे गावाच्या कारभाऱ्यांना मान्यच होईना. कर्ज काढून करमणुकीची बाग बांधली, हॉटेलं चालवली, म्हटलं पर्यटक येतील. आले नाहीत. कर्ज डोक्यावर बसलं आणि २००७ ला गावाचं दिवाळं निघालं. मग एकदम कात्री. ग्रंथालय बंद, १७१ खाटांच्या दवाखान्याच्या जागी १९ खाटांचा, शाळा एकत्र करून एकच प्राथमिक शाळा. दूर दूर विखुरलेल्या खाणवस्त्यांतल्या म्हाताऱ्यांना मधल्या भागात नवी घरं बांधून तिकडं आणलं. २०२० ला वस्ती सात हजारांच्या आसपास होती. आधी नाकारायचं आणि मग एका दिवसात संचमान्यता!

दुसरं गाव जर्मनीतलं लाइपझिग. १९३३ साली सात लाखांच्या वर माणसं होती, १९९८ पर्यंत ४ लाख ३७ हजारांवर आली. भिंत पडल्यावर कारखाने बंद झाले, तरुण पश्चिमेला गेले. साठ हजारांच्या आसपास घरं रिकामी होती. सरकारनं काही इमारती पाडल्या, त्या जागी छोट्या बागा केल्या, जुन्या रेल्वेच्या जागेवर मोठी बाग केली. मला आवडली ती २००४ ला सुरू झालेली एक कल्पना. जुन्या, रिकाम्या इमारतींना त्यांनी राखणदार नेमले. मालकाला भाडं द्यायचं नाही, पण घर वापरायचं, छप्पर गळू द्यायचं नाही, नळ गोठू द्यायचे नाहीत. चित्रकार आले, सायकल दुरुस्तीवाले आले, लहान मुलांचे वर्ग आले. घरं टिकली. नंतर गावाचे दिवस पालटले आणि आज तिथं पुन्हा सहा लाखांच्या वर माणसं आहेत. सगळ्याच गावांचे दिवस असे पालटत नाहीत हे मलाही कळतं. पण पालटले तेव्हा घरं उभी होती, एवढं तरी त्यांनी केलं.

आपल्याकडे हा विचार होताना दिसत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटली. रत्नागिरीत १६ लाख ९७ हजारांची १६ लाख १५ हजार झाली. तरी कुठल्याही गावाचा आराखडा उघडून बघा, वीस वर्षांनी वस्ती इतकी वाढेल, इतके रस्ते लागतील, एवढंच. कमी होईल असं लिहायला कुणाचा हात धजत नाही. आणि शाळांच्या बाबतीत कमी झालीच तर लगेच दुसरं टोक. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांवर आहेत, त्या एकत्र करून समूह शाळा करायचा विचार २०२३ मध्ये पुढं आला. मोठ्या शाळेत सोयी मिळतील हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण वाडीतली शाळा बंद झाली की त्या वाडीतून पहिली कोण जाते? तर चौथी झालेली मुलगी. ती पुढच्या गावी जातच नाही, घरी बसते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या औंढ्याचं म्हणाल तर आकडे वाढतेच आहेत. हिंगोली जिल्हा २००१ ते २०११ मध्ये ९ लाख ८७ हजारांवरून ११ लाख ७७ हजारांवर गेला. आता जवळच दुधाळा शिवारात लायगोची ती गुरुत्वलहरी पकडणारी मोठी प्रयोगशाळा व्हायची आहे, २०२३ ला केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले. तेव्हापासून रस्त्याच्या कडेला प्लॉटच्या पाट्या दिसतात. गाव वाढतंय ते हिंगोली रोडला आणि परभणी रोडला. देवळाभोवतीच्या जुन्या गल्ल्यांत मात्र दिवे कमी होत चालले. परवा संध्याकाळी मी सहज प्रगणकाच्या सवयीनं मोजलं. आमच्या गल्लीत सतरा घरं. आठांना कुलूप. चारांत एकेकटं म्हातारं माणूस. १९८१ ला याच सतरा घरांत मी एकशे बावीस माणसं मोजली होती, तो आकडा अजून पाठ आहे. जिल्ह्याच्या आकड्यात ही गल्ली दिसत नाही. मुंबईच्या आकड्यातही लालबाग असंच झाकलं गेलं असणार.

आमच्याकडे गोष्ट सांगतात ती तुम्हाला ठाऊकच असेल. नामदेवांना देवळासमोरून उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तनाला उभे राहिले, तर देऊळच फिरलं. म्हणून आमचा नंदी देवळाच्या पाठीमागे आहे म्हणतात. लहानपणी आजी सांगायची तेव्हा मला देव किती मोठा याचंच नवल वाटे. आता वाटतं, उठवून लावलेल्या माणसाकडे तोंड फिरवायला देऊळ तयार झालं, ही त्यातली खरी गोष्ट. शहरं आखणाऱ्यांनी एकदा औंढ्याला येऊन तो नंदी बघून जावा.

तर आता आमच्या घरचं. सौ.शी सविस्तर बोललो. तिचं म्हणणं असं की गुडघ्यापुढं तत्त्वज्ञान चालत नाही. खरंच आहे. पुण्याला जावं लागणार, आज नाही तर वर्षभरानं. मी "बघू" म्हणायचं थांबवलं आहे, मुलाला तसं कळवलं आहे. हा मजकूर तो वाचेलच, त्यामुळे आता माघार घेता येणार नाही.

पण वाडा काढायचा नाही आणि कुलूपही लावायचं नाही. ढेलजेतली मोठी खोली आणि ओसरी मोकळी करून घेतली आहे. बळदात पन्नास वर्षांची रद्दी होती, ती काढली. गल्लीतली आणि शेजारच्या दोन वाड्यांतली स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी तिथं अभ्यासाला बसतात. सध्या अकरा जण आहेत. भाडं नाही. अट एकच, माळवदावर पावसाळ्याआधी माती टाकायची आणि रोज संध्याकाळी दिवा लावायचा. त्यातला एक मुलगा त्या शेळीवाल्या म्हातारीचा पणतू आहे. त्याचा आजा पुण्याला गेला तो गेलाच, पण याचा बाप शेतीसाठी परत आला. हे मला त्या मुलानं आडनाव सांगितल्यावर कळलं. त्याच्या पणजीच्या कागदावर मी "१" लिहिला होता हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

फेब्रुवारी २०२७ मध्ये आम्ही कुठं असू ते सौ.चा गुडघा ठरवील. पुण्याला असलो तर तिथल्या मोजणीत आम्ही दोन. औंढ्याच्या या घरापुढं प्रगणक काय लिहील? पोरं रात्री आपापल्या घरी जातात, म्हणजे ती इथली नाहीत. नियमानं इथं कुणीच राहत नाही.

कुणीतरी तरुण मास्तर किंवा बाई येतील, आता म्हणे हातात मोबाईल असतो, कागद नसतो. मी असलोच तर त्यांना पाणी देईन, खुर्ची देईन. "घरात माणसं किती?" असं विचारतील तेव्हा, मंडळी, माझ्या तोंडून "चार" निघेल की काय याची मला धास्ती वाटते. मुलगा आणि नात. घरचीच आहेत की. सून रागवायला नको, म्हणजे पाच.